ठिकाण : माळा

रजेच्या अर्जात तीन रकाने होते. कुठे जाणार, कशाने जाणार आणि किती दिवस. काटेभाऊंनी पहिल्यात 'माळा' लिहिलं, दुसऱ्यात 'पायी' आणि तिसऱ्यात 'आठ'. तिन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

काटेभाऊ वजनमापांच्या कार्यालयात नोकरीला होते. दुकानदारांची वजनं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. खोटं बोलायची वेळ आली की त्यांना ठसका लागे, म्हणून लोकांनी तराजूच्या काट्यावरून त्यांचं हे नाव पाडलं होतं. घरी मात्र बायकोला ते अकरा वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते, "यंदा माळा आवरतो." ही काही थाप नव्हती. दर वर्षी ते मनापासून म्हणत. पण रविवारी शिडी लावून वर डोकावलं की तिथला पसारा बघूनच त्यांना झोप येई.

यंदा बायकोने तारीखच ठरवून टाकली. येत्या एक तारखेपासून माळ्यावर तिचा शिवणवर्ग भरणार होता. सहा जणींनी नावं दिली होती, सातवी विचार करत होती.

"इतकी वर्षं लोकांच्या तुटक्या चेनी बदलल्या," ती म्हणाली. "आता मला शिकवायचंय. जागा झाली नाही तर त्या दुसरीकडे जातील, आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मला माहितीय माझं."

शेवटचं वाक्य ती फार हळू बोलली. आठ दिवस रजा टाकायची आणि माळा रिकामा करूनच दम घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. अडचण होती ती साहेबांची. साहेबांचं परिपत्रकच होतं की रजा फक्त बाहेर फिरायला जाणाऱ्यांना. ज्याला घरी बसता येतं त्याला कार्यालयातही बसता येतं. म्हणून काटेभाऊंनी 'घर' न लिहिता 'माळा' लिहिलं.

अर्ज आवकबाईंच्या टेबलावर गेला. येणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून पुढे जाई, म्हणून त्या आवकबाई. कुठल्या बेटावर कधी जावं, कुठल्या डोंगरावर कुठली खोली मागावी, कुठे नाश्ता धरून आणि कुठे न धरून, सगळं त्यांना तोंडपाठ. आपल्याला माहीत नसलेलं एक ठिकाण जगात आहे हे वाचून त्या डबा तसाच उघडा टाकून उठल्या.

"काटेभाऊ, हे माळा कुठे आलं हो?"

काटेभाऊंच्या तोंडात घास होता. तो कसाबसा खाली ढकलून ते म्हणाले, "जवळच आहे तसं."

"आणि आम्हाला पत्ता नाही. गर्दी असते का?"

"छे. माणूस फिरकत नाही तिकडे."

"उंचावर आहे?"

"हो, चढावं लागतं. शेवटी शेवटी जरा जपून."

"हवा कशी आहे?"

"खिडकी उघडली तर गार वारा येतो."

"आणि बघायला?"

"जुन्या वस्तू आहेत. आजोबा-पणजोबांच्या वेळच्या. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"फोन लागतो का तिथे?" पलीकडून रोखपालांनी विचारलं.

"अजिबात नाही."

मग एकेक जण खुर्ची ओढत जवळ आला. गेली एकोणीस वर्षं डब्याच्या सुट्टीत काटेभाऊ दुसऱ्यांचे समुद्र आणि दुसऱ्यांचा बर्फ ऐकत आले होते. आज प्रथमच माणसं त्यांच्या टेबलाभोवती बसली होती, आणि ते त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की 'आमच्या घरावरचा माळा हो' हे वाक्य त्यांनी पुढच्या घासाबरोबर गिळून टाकलं. शिवाय ते बोलले असते तर रजाही गेली असती.

"मी जाऊन आलोय माळ्याला," रोखपाल खुर्चीत मागे रेलत म्हणाले. कुठल्याही ठिकाणी आपल्याआधी दुसरं कुणी गेलेलं त्यांना खपत नसे. "चार वर्षांपूर्वी. आता बिघडलं ते. आणि एक सांगतो, चढायचं तर पूर्वेकडून."

काटेभाऊ विचारात पडले. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या त्यांनी बायकोला विचारलं, "अगं, आमचे रोखपाल कधी आपल्या माळ्यावर गेले होते का?"

"ते कशाला जातील?"

"पूर्वेकडून चढले म्हणे."

"पूर्वेला भिंत आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला बरं नाहीये का?"

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर अर्ज होता.

"तुमची रजा मला मंजूर करता येत नाही," साहेब म्हणाले.

काटेभाऊ चाचरले. "ठिकाणाबद्दल काही..."

"ठिकाण उत्तम आहे. म्हणून तर मीच त्या आठवड्यात जातोय. आवकबाईंनी आमच्या बाईसाहेबांना सांगितलं आणि बाईसाहेबांनी ठरवून टाकलं. आता दोघंही गेलो तर इथे कोण बघणार?"

काटेभाऊंना बायकोचा चेहरा दिसला. होईल ते होवो म्हणून ते म्हणाले, "साहेब, सांगायचं राहिलं. तो माळा आमच्या घरचा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "घरचा? म्हणजे तुमच्या मालकीचा?"

"हो. वडिलोपार्जित."

"आणि एकोणीस वर्षांत कधी बोलला नाहीत." साहेबांच्या आवाजात आदर आला होता. "मग राहायचा प्रश्नच मिटला. सोमवारी सकाळी तुमच्याकडेच येतो. तिथून तुम्ही दाखवा वाट."

घरी हे ऐकून बायको मटकन खाली बसली. "तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. ते ऐकून त्यांना जास्तच आवडलं."

"म्हणजे माझा वर्ग गेला."

"नाही जात. साहेब येणार म्हटल्यावर माळा आवरायलाच हवा. चार संध्याकाळी आहेत मध्ये."

आणि खरोखर, बायकोसाठी अकरा वर्षांत जे झालं नाही ते साहेबांच्या धाकाने चार संध्याकाळींत झालं. ट्रंका, खोकी, मोडकी खाट, तोंडं फुटलेल्या बरण्या, काटे नसलेलं घड्याळ, सगळं खाली येऊन अंगणात ताडपत्रीखाली बसलं. काटेभाऊंनी फरशी पुसली, खिडकी धुतली. बायको मोकळ्या माळ्यावर मापाची टेप घेऊन फिरत होती. शिवणयंत्रं खिडकीशी, कापायचं टेबल मध्ये. तिला इतकं खूश त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी साहेब टोपी घालून आले. बाईसाहेबांच्या गळ्यात दुर्बीण होती.

"इथून पुढे पायीच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. नऊ पायऱ्या."

शिडीपाशी साहेब थांबले. त्यांनी वर बघितलं, मग काटेभाऊंकडे बघितलं.

"काटेभाऊ, हा माळा आहे."

"हो साहेब."

"म्हणजे, माळाच आहे."

"अर्जात मी तेच लिहिलं होतं."

साहेबांना आठवून बघूनही त्या अर्जात एक अक्षर खोटं सापडेना. एव्हाना बाईसाहेब वर पोचल्या होत्या. त्या आल्या होत्या ऐकलेली यादी डोक्यात घेऊन, आणि बाजारातल्या भाजीसारखी ती एकेक करून पारखत होत्या. उंची मान्य झाली. वारा मान्य झाला. फोन बघितला, लागत नव्हता, तेही मान्य झालं. मग त्यांचं डोकं शिडीच्या तोंडाशी आलं.

"पण इथे तर काहीच नाही. जुन्या वस्तू कुठे गेल्या?"

"आवरल्या," काटेभाऊ म्हणाले.

"का? कुणी हात लावलेला नाही म्हणून तर आलो आम्ही. साधी धूळसुद्धा ठेवली नाहीत."

साहेबांनी हताशपणे टोपी काढली. सगळ्या नातेवाइकांना सांगून निघालेल्या बाईसाहेबांना आठ दिवसांआधी घरी परत नेण्याची त्यांची छाती नव्हती. ते स्वतःच ताडपत्रीकडे गेले आणि पहिली ट्रंक उचलून म्हणाले, "तुम्ही शिडीवर थांबा, मी खालून देतो." दोन तासांत माळा होता तसा भरला. वजनमापांच्या कार्यालयाचे प्रमुख घामाने निथळत खोकी देत होते आणि बायको गळ्यात टेप अडकवून दारात उभी होती. काटेभाऊंना तिची भीती वाटली आणि वाईटही वाटलं.

साहेब आठ दिवस झोपले. पहिले दोन दिवस ते दर तासाला दचकून फोन बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो एका बरणीत टाकला आणि वर झाकण लावलं. बाईसाहेब वही घेऊन एकेका ट्रंकेपुढे बसत आणि बायकोला बोलावून विचारत, ही कुणाची, ती कधीची. बायको जेवण घेऊन वर जाई, नेमकं तेवढंच उत्तर देई आणि खाली येई. तिकडे कार्यालयात साहेबांची चौकशी आली की काटेभाऊ सांगत, "माळ्याला गेलेत," आणि पलीकडचा माणूस उसासा टाकी.

निघायच्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "कुठेही गेलं की तिथली एखादी आठवण घेऊन जायची मला सवय आहे. हे घड्याळ नेलं तर चालेल?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"एवढंच?" ती म्हणाली. "ही ट्रंक घ्या ना. खास माळ्याची आहे. दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आणि बहिणींसाठी काही नको का तुम्हाला?"

साहेबांची गाडी मागून पार दबून गेली. बायकोने गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला आणि मग म्हणाली, "एक तारखेला सहा दिवस आहेत. तुमच्या कार्यालयात किती माणसं आहेत?"

"तेवीस."

"पाठवा सगळ्यांना. एका दिवसाची सहल. रिकाम्या हाताने कुणी परत जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळं कार्यालय साहेबांभोवती जमलं. काटेभाऊ श्वास रोखून उभे होते. आपण हाताखालच्या माणसाच्या माळ्यावर आठ दिवस काढले, हे साहेब कोणत्या तोंडाने सांगणार?

"अप्रतिम," साहेब म्हणाले.

"पूर्वेकडूनच चढलात ना?" रोखपालांनी विचारलं.

साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "अर्थात."

मग काय, रीघ लागली. शिडीपाशी आलं की प्रत्येकाच्या लक्षात येई, प्रत्येक जण थबके, आणि प्रत्येकाला साहेबांचं 'अप्रतिम' आठवे. सगळे मुकाट्याने चढत आणि उतरताना काखेत काहीतरी असे. आवकबाई नणंदेला घेऊन आल्या आणि बरण्यांची दोन खोकी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "बेटांपेक्षा हे बरं. दमायला होत नाही." रोखपाल मात्र भरदुपारी, मागच्या दाराने आले.

"वहिनी, माझ्याकडे चार वर्षांपूर्वीची काहीच आठवण उरलेली नाही," ते खाली बघत म्हणाले. "लोक विचारतात हो."

वहिनींना त्यांची दया आली. त्यांनी मोडकी खाट दिली. ती डोक्यावर घेऊन रोखपाल गल्लीतून गेले, तेव्हा बायको कित्येक दिवसांनी खळखळून हसली.

एक तारखेला माळा चकचकीत रिकामा होता. सहाही जणी आल्या, सातवीही आली. काटेभाऊ कार्यालयात गेले ते शीळ घालत, आणि टेबलाशी बसतात न बसतात तोच साहेबांनी आत बोलावलं.

"तुमची रजा राहिली होती," साहेब म्हणाले. "मंजूर केलीय. आठ दिवस, उद्यापासून."

"आता गरज नाही साहेब."

"ठिकाणही मीच भरलंय."

काटेभाऊंनी अर्ज बघितला. 'माळा, साहेबांच्या घरचा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

"तुमच्याकडून आणलेलं सगळं बाईसाहेबांनी आमच्या माळ्यावर ठेवलं," साहेब आवाज उतरवून म्हणाले. "तिथे आधीच आमचं होतं. आता छताला तडा गेलाय. आवरल्याशिवाय जेवायला खाली यायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलंय. काटेभाऊ, मला एकट्याने ते होणार नाही." मग ते साहेबांसारखे ताठ बसले. "हवा चांगली आहे. फोन लागत नाही."

नाही म्हणावं असं काटेभाऊंना फार वाटलं. पण अर्ज मंजूर होता, शिक्काही बसला होता, आणि शिक्क्याचा मान त्यांनी एकोणीस वर्षं राखला होता.

संध्याकाळी ते शिडीच्या सहाव्या पायरीवर थांबून वर डोकावले. सात यंत्रं एकदम चालली होती. बायको एकीच्या बाहीला टाचण्या लावत होती आणि उरलेल्या टाचण्या तिच्या ओठांत होत्या. तिथूनच त्यांनी सगळी हकिगत सांगितली. बायकोने शेवटची टाचणी लावेपर्यंत त्यांना थांबवलं.

"किती दिवस?"

"आठ."

"या जाऊन," ती म्हणाली. "फक्त येताना आठवण म्हणून काही आणू नका."