समुद्रकाठचं शेततळं

"आबा, मी मॅडमना घेऊन येते. तोवर एकाही मेंढराला धक्का लागू देऊ नका," असं बजावून वैष्णवी पळाली आणि अलिबागच्या किनाऱ्यावर म्हस्कूआबा बारा वर्षांनी पुन्हा राखणीला बसले.

मेंढरं वाळूची होती. सात मेंढ्या आणि मागं रेंगाळणारं एक कोकरू, सगळ्यांची तोंडं समुद्राकडं. आबांनी कळप विकला तेव्हा वैष्णवी लहान होती, पण नातीनं एकेक मेंढी आठवून घडवली होती. चित्रकलेच्या कॉलेजातलं हे तिचं शेवटच्या परीक्षेचं काम. ते बघायला आबा आणि आजी सारजाबाई बारामतीजवळच्या कन्हेरीहून जीप करून आले होते.

"काळतोंडी हुबेहूब केलीया," सारजाबाई म्हणाल्या. "तुमच्यावानीच हटून बसलीया."

आबा उत्तर देणार तोच एक लाट पुढच्या मेंढीच्या खुराशी येऊन गेली. दुसरी आणखी वर आली.

"अगं, पाणी चढाय लागलं!"

कालव्याचं पाणी आलं की बांध घालून ते हव्या त्या सरीत वळवायचं, यात आबांचा हात धरणारा कन्हेरीत कोणी नव्हता. फक्त इथं खोरं नव्हतं. शेजारी किल्ला करणाऱ्या पोरांकडं पिवळं प्लॅस्टिकचं फावडं होतं.

"पोरांनो, किल्ला ऱ्हाऊ द्या. हिकडं या, पाणी वळवाय शिकवतो."

"आजोबा, समुद्र कुणाचं ऐकतो का?" एका मुलीनं विचारलं.

"पाण्याशी भांडायचं न्हाय, बाळा. त्येला वाट द्यायची. मग ते गुमान जातं."

पोरं कामाला लागली, त्यांच्यामागं त्यांचे आईबाप, मग पातेल्याचं झाकण घेऊन भेळवाला. मेंढरांपुढं बांध झाला, बाजूनं सरी निघाली आणि लाटा सरीतून गुमान वर जायला लागल्या. आता ते पाणी वर वाळूत फुकट मुरायला लागलं. हे मात्र बारामतीकडच्या माणसाला बघवेना. आबांनी मेंढरांच्या वरच्या अंगाला खड्डा काढायला लावला आणि सारजाबाईंच्या बुडाखालचा प्लॅस्टिकचा कागद ओढला.

"अवो, मी बसू कुठं?"

"उभी ऱ्हा की! शेततळ्याला कागद नगं?"

तळं काठोकाठ भरलं, आबांनी त्याचं तोंड बंद केलं आणि वैष्णवी परीक्षक श्यामला मॅडमना घेऊन आली.

"आबा! हे काय केलंत?"

"एक बी मेंढी भिजू दिली न्हाय," आबा अभिमानानं म्हणाले.

"भिजायचीच होती! भरतीनं एकेक मेंढी न्यायची आणि मॅडमनी ते बघायचं, हेच तर माझं काम आहे. नाव आहे 'निरोप'."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

आबांनी तिथल्या तिथं बांध फोडला. पण भरती ओसरू लागली होती. लाट फुटक्या बांधापर्यंत यायची आणि माघारी जायची. "ये की रं बाबा," आबा समुद्राला विनवत होते. मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढची कामं तपासायची होती. वैष्णवीचे डोळे भरून आले.

आबांनी मान वळवून वरच्या तळ्याकडं बघितलं.

"मॅडम, थोडं थांबा. पाणी साठवलंय."

त्यांनी तळ्यापासून मेंढरांच्या कडेनं बारीक सरी ओढली, प्रत्येकीपाशी वाळूनं बुजवलेलं एक दार ठेवलं आणि टाचेनं पहिलं दार मोडलं. फाटक्या कानाची पुढची मेंढी हळूच विरघळली.

"जा बाई," आबा म्हणाले.

काळतोंडी तेवढी दोनदा पाणी देऊनही हलेना. "बगा, म्हटलं न्हवतं?" सारजाबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज ओला झाला होता. अखेर तीही गेली.

कोकराचं दार मात्र आबांनी मोडलं नाही.

"आबा, तेही न्यायचं होतं," वैष्णवी हळूच म्हणाली.

"सगळा कळप कुणी देतं व्हय? एक ऱ्हाऊ दे बीजाला." त्यांनी तिच्या डोक्यावर वाळूचा हात ठेवला. "मेंढरं गाडीत घातली तवा मी रानात जाऊन लपलो हुतो, पोरी. आज तुज्यामुळं नीट वाटंला लावली. लई उपकार झालं." मग वळून त्यांनी समुद्रालाही हात जोडले.

मॅडम वहीत लिहीत म्हणाल्या, "वैष्णवी, मार्क चांगले आहेत. पण ते तुला आजोबांबरोबर निम्मे वाटून घ्यावे लागतील."

"निम्मं कसं?" सारजाबाई तळ्यातला कागद उपसून झटकत म्हणाल्या. "तीन वाटं करा. कागद माजा हाय."