पार्वतीचा रफार

अंगठ्यामुळे माणूस माणूस झाला, असे शास्त्रज्ञ सांगतात. अंगठा होता म्हणून हत्यार धरता आले आणि तिथून संस्कृती सुरू झाली. आमच्या बँकेतल्या दळवींचे म्हणणे असे, की संस्कृती तिथेच अडकून बसली आहे.

घाटकोपरच्या आमच्या शाखेत दळवी बचत खात्याच्या काउंटरवर होते. एखादी बाई अंगठा पुढे करून उभी राहिली, की ते शाईचे पॅड उघडायचे, त्यावर बोट फिरवायचे आणि चेहरा पाडून म्हणायचे, "वाळलं हो, बाई." पॅड वाळलेले असायचे यात शंका नाही. दर सोमवारी सकाळी ते खिडकीत उन्हाला ठेवताना मी स्वतः पाहिले आहे.

मग खणातून पाटी निघायची. "तोवर नाव काढून बघा."

मुळाक्षरे दळवी शिकवत नसत. "अ अननसाचा करत बसलो तर बाईचा जन्म जाईल. आधी नाव." आडनावही नाही. "ते लग्नात बदलतं. नाव तुमचं." आपल्याकडे लग्नात नावही बदलतात, असे मी एकदा सुचवले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

उषा नावाची बाई एका दुपारी तयार झाली. अन्नपूर्णाबाईंना अख्खा पावसाळा लागला. जोडाक्षराचे नाव ठेवणाऱ्या आईबापांनी मुलीवर नवऱ्यापेक्षा जास्त अन्याय केला, असे दळवींचे ठाम मत होते.

या सगळ्यामुळे रांग लांबायची. महिलांच्या विकासाबद्दल हेड ऑफिसचे परिपत्रक आले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी रांगेसमोरच अर्धा तास भाषण केले. बायकांनी ते शांतपणे ऐकले. भाषणासाठी काउंटर बंद ठेवले होते.

"दळवी, सही आणि अंगठा, फरक काय पडतो?" मी दळवींना एकदा विचारले.

"वेळेचा," ते म्हणाले. "अंगठा टेकवला की संपलं. नाव लिहायला बाईला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात डोकं चालतं तिचं."

हे मला तेव्हा विनोदी वाटले.

पार्वती घाडी स्टेशनबाहेर भाड्याच्या हातगाडीवर पोहे विकायची. स्वतःची गाडी घ्यायची म्हणून ती बँकेत पैसे टाकत होती. तिचे नाव दळवींना फार छळायचे, कारण ती सगळी अक्षरे नीट काढायची आणि वरचा रफार विसरायची.

"बाई, रफार द्या. रफाराशिवाय ही पावती झाली."

"पावती म्हंजे बँकेचीच ना? मग ऱ्हवांदे."

अखेर रफार जमला आणि दळवींनी खात्यावर अंगठ्याच्या जागी तिची सही नोंदवली.

पुढच्याच महिन्यात तिचा नवरा तिला घेऊन आला. गिरणी बंद पडल्यापासून घाडी घरीच होता आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे त्याने फारच मनावर घेतले होते. त्यासाठी तिच्या खात्यातले सगळे पैसे काढायचे होते. फॉर्म त्याने स्वतःच भरून आणला होता.

"अंगठो मार नि चल गो."

"अंगठा चालणार नाही," दळवी वर न बघता म्हणाले. "आता सही."

पार्वती लिहायला बसली. जीभ दातांत धरून 'पा' काढला. घाडी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग 'व' आला. मागची रांग खोकली. वेलांटीसकट 'ती' आला. पेन रफारासाठी वर गेले आणि तिथेच थांबले.

"देवळात फरशी लावतले मा? तेच्यार नाव कोणाचा?"

"माझा. आणि कोणाचा?"

"आणि माझा?"

"तुझा हा ना! खाली लिवतले, सहकुटुंब. सहकुटुंब म्हंजे तूच गो!"

पार्वतीने थोडा वेळ कागदाकडे पाहिले. मग पेन टोपण लावून खाली ठेवले आणि कागद दळवींकडे सरकवला.

दळवींनी तो खात्यावरच्या सहीशी ताडून पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "ही पावती आहे," ते घाडीला म्हणाले. "पार्वतीबाईंची सही नाही. पैसे देता येत नाहीत."

"अरे, एक रेघ ऱ्हवली फक्त! बायल माझी समोर बसली हा!"

"बसल्या आहेत ना. द्यायची तर देतील त्या रेघ."

पार्वती छताकडे बघत होती.

गाडी महिनाभरात आली. रंगाऱ्याकडून तिने पुढच्या फळीवर नाव घालून घेतले: 'पार्वती पोहे सेंटर'. खाली बारीक अक्षरात 'सहकुटुंब'. ते बशा विसळायला उभे असायचे.

पण त्याआधी घाडीने साहेबांकडे लेखी तक्रार दिली होती, की कर्मचारी ग्राहकांच्या घरगुती बाबतीत ढवळाढवळ करतो. दळवींची मुलुंडला बदली झाली, तीही जिथे बायका फिरकत नाहीत अशा चेक वटवायच्या टेबलावर.

स्टाफचे कागद माझ्याकडे असत. बदलीच्या निमित्ताने त्यांची फाईल पाहिली, तर प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर सात नंबरचा, वारसाचा रकाना कोरा. मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "एवढं एक नाव घाला, दळवी."

ते पेन घेऊन बसले. पाच मिनिटे झाली. दहा झाली. मी उगाच रजिस्टर चाळत राहिलो.

"एखादी बहीण, भाचा?"

"आहेत कुठे कुठे," दळवी म्हणाले. "पण त्यांना विचारायला हवं, चालेल का म्हणून. बरीच वर्षं बोलणं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो तसाच पुढे पाठवला.

पंधरा दिवसांनी तो हेड ऑफिसकडून परत आला. वर लाल शाईत शेरा होता: रकाना सात रिकामा. पूर्तता करावी.