उलट्या ट्रकचा नवस

ट्रकच्या गिअरबॉक्सचं वरचं झाकण बसवायला दोन माणसं लागतात, असं सगळे मेकॅनिक सांगतात. मी म्हणालो, लागत असतील त्यांना! मी सेनोबियो आयाविरी, चौतीस वर्षं ओरुरोच्या या पठारावर ट्रक चालवतोय. माझं झाकण मी एकटा बसवीन. हे मी भर बाजारात मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, म्हणजे ते कासियानोच्या कानावर जाईल.

कासियानो तार्की हा आमच्या कोल्कापाम्पातला एकमेव मेकॅनिक. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता होतो, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कम्पाद्रे, आणि तेव्हापासूनच अहो-जाहो. पण गेले आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगायला लाज वाटते. माझी बायको एलेउतेरिया जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीची प्रार्थना आटोपल्यावर तो म्हणाला, "कम्पाद्रे, एकटे राहू नका. दुपारी आमच्याकडे जेवायला येत चला." मला वाटलं, हा माझी कीव करतोय. "माझ्या घरात चूल आहे," असं म्हणून मी तरातरा निघून आलो. चूल आहे हे खरं. पण एका माणसासाठी ती पेटवायचा कंटाळा येतो. आठ महिने मी पाव आणि गार बटाटे खातोय.

तर झाकण. तेल गळायला लागलं म्हणून ते उघडलं होतं. केबिनमधला पत्रा काढला की खाली गिअरबॉक्स दिसतो. झाकणाच्या पोटाला तीन काटे असतात आणि आतल्या गिअरांवर तीन कड्या. प्रत्येक काटा आपापल्या कडीच्या खाचेत बसायला हवा. वरून झाकण सोडणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे झाकणच असतं. म्हणून दुसऱ्या माणसानं ट्रकखाली आडवं व्हायचं, गिअरबॉक्सच्या बाजूच्या छोट्या खिडकीतून टॉर्च मारायची आणि सांगायचं. आमच्या घरी हे काम एलेउतेरिया करायची. तीन परकर सावरत खाली शिरायची आणि माझा उद्धार करत करत काटे बसवून घ्यायची. "डावीकडे. अहो, तुमची डावी नव्हे, माणसांची डावी."

घाई अशी होती की रविवारी गावच्या देवीमातेचा सण. त्या दिवशी ड्रायव्हर संघटनेचे सगळे ट्रक चर्चपुढे ओळीनं उभे राहतात आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. माझा ट्रक दिसला नसता तर कासियानोला कळलं असतं की सेनोबियोला एकट्याला जमलं नाही. मग त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. ते मरेपर्यंत करायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मी जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं लावलं, झाकण उचललं आणि सोडलं. कसं अलगद बसलं! बारा बोल्ट आवळले, पत्रा लावला, वर स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही. काम करताना स्वतःशी बोलायची मला सवय लागली आहे, आणि त्या सकाळी तर मी स्वतःला उत्तरंही देत होतो.

क्लच दाबून इंजिन चालू केलं. दांडा न्यूट्रलला आहे हे पाहून क्लच सोडला. ट्रक मागे निघाला आणि अंगणाची मातीची भिंत घेऊन थेट रस्त्यावर आला.

मग डोक्यात प्रकाश पडला. पॅकिंग खरवडताना एका कडीला माझा हात लागला होता आणि ती रिव्हर्सकडे सरकली होती. काटा खाचेत न बसता तिच्या शेजारी जाऊन बसला. आता मी दांडा कुठेही हलवला तरी रिव्हर्स काही सुटणार नव्हता. दुसरा गिअर टाकून पाहिला, तर गचका खाऊन इंजिनच बंद; पुन्हा चालू केलं, तर ट्रक पुन्हा मागेच.

एवढ्यात शेजारच्या दोन्या इलारिया (आमच्याकडे मानानं बाईला दोन्या म्हणतात, पुरुषाला दॉन) डोक्यावर गाठोडं घेऊन सणाला निघालेल्या दिसल्या. साठ वर्षांच्या आहेत, पण गावात रेडिओ नसता तरी चाललं असतं.

"दॉन सेनोबियो, हा ट्रक उलटा का निघालाय?"

खरं सांगायचं, की मला झाकण बसवता आलं नाही? पडलो तरी नाक वर! मी म्हणालो, "नवस आहे. देवीमातेपर्यंत उलटं जायचं."

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि छातीवर क्रूस काढला. "एलेउतेरियासाठी?"

आता 'नाही' कसं म्हणणार? "हो," म्हणालो.

"बिचारा," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत ट्रकबरोबर चालू लागल्या. आमच्याकडे नवसाला कुणी अडवत नाही आणि एकटंही सोडत नाही. चर्च तीन किलोमीटरवर. खिडकीतून मान मागे काढून मी मुंगीच्या चालीनं निघालो. पहिल्या वळणावर आठ बायका झाल्या, दुसऱ्यावर चाळीस माणसं. मेणबत्त्या आल्या. कुणीतरी बॉनेटवर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, कुणी शुभ म्हणून टायरवर दारू शिंपडली. सणाचा बँड पुलाशी थांबला होता, तो पुढे झाला. मोठा भोंगा वाजवणारा म्हणाला, "नवस उलटा तर आम्हीपण उलटे," आणि सगळा बँड मागे मागे चालत वाजवू लागला. दोघे गटारात गेले, पण सूर सोडला नाही.

संघटनेच्या ड्रायव्हरांनी हे पाहिलं. "एका आयाविरीची भक्ती, आणि आमची नाही?" एकानं ट्रक वळवला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. सतरा ट्रक उलटे! एकमेकांवर चढता चढता वाचले.

एवढ्या गर्दीत मी केबिनमध्ये एकटाच होतो. शेजारच्या सीटवर पान्यांची पेटी होती. खोटं बोलून का होईना, एलेउतेरिया गेल्यापासून माझ्यासोबत एवढी माणसं चालली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

चर्चपुढे पाद्री माईक घेऊन उभा. त्याच्या शेजारी, दारालाच, कासियानो. माझा ट्रक जवळ येताच त्यानं मान तिरकी करून गिअरबॉक्सचा आवाज ऐकला, आणि मी ओळखलं की त्याला सगळं कळलंय. तो एक शब्द बोलला असता तर मला गाव सोडावं लागलं असतं.

पाद्रीनं माईक खिडकीत धरला. "दॉन सेनोबियो, देवीमातेकडे काय मागायला आलात?"

काहीतरी मोठं बोलायचं ठरवून तोंड उघडलं, आणि भलतंच निघालं.

"जेवायला सोबत कुणीतरी असावं म्हणून."

बँड थांबला. दोन्या इलारिया हुंदके देऊ लागल्या. मी स्टिअरिंगकडे बघत बसलो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, पान्यांची पेटी मांडीवर घेऊन कासियानो सीटवर बसला आणि पाद्रीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हा नवस परत जातानाही उलटाच फेडतात. मागे बघायला माणूस लागतो." मग माझ्या कानाशी, "कडी रिव्हर्सला होती ना, कम्पाद्रे?"

"हो."

"बघितली नाहीत?"

"नाही."

चौकाला वळसा घालून आम्ही उलटेच घरी आलो. तो ट्रकखाली शिरला, मी वरून झाकण सोडलं, अर्ध्या तासात काम झालं. पडलेल्या भिंतीकडे बघून तो थोडा वेळ थांबला. 'जेवून जा' एवढंच म्हणायचं होतं मला. पण घरात पाव होता, तोही कालचा. "बरंय तर," असं म्हणून तो गेला.

आठवडाभर ट्रक लोण्यासारखा चालला. एकही गिअर कुरकुरला नाही. मी रोज वाट पाहिली की कुरकुरेल.

पुढच्या रविवारी मी स्वतःच्या हातानं बाराच्या बारा बोल्ट काढले आणि दोन्या इलारियांकडून निरोप पाठवला की झाकण पुन्हा बिघडलंय. हो, मीच. हसा.

कासियानो दुपारी आला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं सुपाचं पातेलं. पातेलं केबिनच्या पायरीवर ठेवून तो ट्रकखाली शिरला. खिडकीतून टॉर्च मारली. तिन्ही काटे आपापल्या खाचेत आहेत, हे त्याला दिसलंच असणार. मग बाहेर आला, हात पुसले आणि तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाला,

"कम्पाद्रे, फार मोठा बिघाड आहे. रोज दुपारी यावं लागेल."