लुंबिनीचे चार कॉम्प्युटर आणि टँकरचा दिवस

लातुरात खरा गुप्तहेर एकच, असं रेवणप्पांचं मत होतं. आणि हे मतही लातुरात एकाचंच होतं. तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचल्यामुळे आपली नजर भिंतीच्या आरपार जाते, असं ते सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी दोन प्रकरणं हाताळली. एक आपोआप मिटलं आणि दुसऱ्यात चोर कंटाळून चप्पल परत देऊन गेला.

तिसरं प्रकरण शेजारच्या लुंबिनीचं. डाळीतले खडे कॅमेऱ्यानं ओळखणारा प्रोग्राम ती लिहीत होती. स्वतःचं पहिलंच काम. उमरीचे गिरणीवाले हणमंतराव शनिवारी बाराला तो बघायला येणार होते. जमलं नाही तर पुण्याची नोकरी धरावी लागणार होती, आणि लातूर सोडायला तिचं मन होत नव्हतं. अडचण नऊ वर्षांच्या लॅपटॉपची. लिहिलेला प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला, तो साडेतीन तास घेई. म्हणून तिनं तो मामांच्या कोचिंग क्लासच्या बाहेरच्या खोलीत मांडला आणि आतल्या खोलीतले, सुट्टीत रिकामे असलेले चार कॉम्प्युटर त्याला वायरीनं जोडले. कामाचे तुकडे त्यांना वाटले की सगळं पाऊण तासात उरके.

"पण काका, रोज नाही उरकत," ती म्हणाली. "कधीकधी चौघं उत्तरच देत नाहीत, मग लॅपटॉप एकटा राबतो. आतल्या खोलीत जाऊन तपासलं की मात्र चौघं ठणठणीत."

"कुणीतरी स्पीड चोरायलंय."

"स्पीड चोरता येत नाही, काका."

"वीज चोरता येती, हे तरी आधी कुणाला खरं वाटलं होतं?"

पहिला संशय समोरच्या क्लासवर. रेवणप्पांनी टपरीवर बसून दोन चहा संपेपर्यंत पाळत ठेवली. पण तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांत चोरलेला स्पीड कुठंच दिसेना. दुसरा संशय वायर कुरतडणाऱ्या उंदरावर. त्याच्यासाठी लावलेलं भजं पुराव्याअभावी त्यांनी स्वतःच खाल्लं. मग लुंबिनीच्या वहीतल्या तारखा पाहून त्यांचे डोळे चमकले. ज्या दिवशी गल्लीत टँकर येतो, त्याच दिवशी काम झटपट होत होतं.

"हे कॉम्प्युटर पाण्यावर चालतात," त्यांनी निकाल दिला.

लुंबिनीनं वही मिटली. "पाण्यानं ते बंद पडतात, काका."

शनिवारी सकाळी शेवटची दुरुस्ती करून तिनं दहाला काम सुरू केलं. चौघं गप्प. एकट्या लॅपटॉपला दीड वाजणार होता. तिचे डोळे भरून आले. रेवणप्पा धीर द्यायला बाहेर टँकर दिसतो का ते बघत होते.

टँकर आला, आणि मागोमाग बादली घेऊन क्लासची झाडपूस करणाऱ्या सिद्धम्मा आत गेल्या. दोन मिनिटांत लॅपटॉपच्या पडद्यावर चारही कॉम्प्युटरांची नावं उमटली. लुंबिनी आत धावली.

"मावशी, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय न्हाई. ह्या माउसवर फडकं मारलं. हलिवलं की जागी होत्यात. मी न्हाई आले की झोपूनच असत्यात बिचारी."

तासभर कुणी हात लावला नाही की ती मशीनं झोपी जात. टँकर आला की सिद्धम्मा पुसायला येत. तपासायला गेलेली लुंबिनीही माउस हलवूनच बघायची.

"म्हंजे उंदीरच," रेवणप्पा म्हणाले. "मी बोललो होतो."

लुंबिनीनं चौघांची झोप सेटिंगमधून कायमची बंद केली. अकराला प्रोग्राम तयार होता.

हणमंतरावांनी आपल्या गिरणीत निवडून आणलेली तूरडाळ कॅमेऱ्याखाली पसरली. त्यात त्यांनी मुद्दाम सात खडे टाकले होते. पडद्यावर आठ दिसले. त्यांनी चष्मा पुसून आठवा खडा चिमटीत धरला.

"हा माझ्या गिरणीतला," ते हळूच म्हणाले, आणि काम लुंबिनीला दिलं.

ते गेल्यावर रेवणप्पांनी मोठ्या मनानं सिद्धम्मांना आपल्या मदतनीसाची जागा देऊ केली.

सिद्धम्मांनी फडकं पिळलं. "मला चार घरं हायत, साहेब. तुमच्याकडं काम तरी असतं का?"