बॅटरी शंभर टक्के

सावित्रीबाई शिवलकरांची व्हॅसलीनची डबी भर उन्हाळ्यात संपली. रत्नागिरीत मे महिन्यात कोणाचे ओठ फुटत नाहीत, त्यामुळे त्यांनी नवऱ्याला विचारलं. महिपतरावांनी शांतपणे सांगितलं की ते बॅटरीच्या टर्मिनलला लावलं, नाहीतर टर्मिनलवर पांढरी बुरशी धरते.

"आणि माझ्या टाचांना काय लावू?"

"टाचांना बुरशी धरत नाही," महिपतराव म्हणाले.

महिपतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, छोटा फ्रीज आणि दोन पंखे बसवून घेतले. नवराबायकोने आपलं घर बरोबर घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, लॉजवाल्यांच्या चादरींचं तोंड बघायचं नाही, असा बेत होता. गाडी तयार होऊन नाचणे गावातल्या त्यांच्या घरासमोर उभी राहिली आणि बेत तिथेच अडकला. कारण पंखे, दिवे आणि फ्रीज चालवायला बॅटरी कुठली घ्यायची, हे ठरेना.

दुकानदाराने लिथियमची दाखवली. वजनाला हलकी, आकाराने लहान, पाणी घालायला नको, वर्षानुवर्षं बघायला नको. महिपतरावांना नेमकं हेच पटलं नाही. ज्या वस्तूकडे बघायचंच नाही ती वस्तू आपली कशी म्हणायची, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं. मग त्यांनी इन्व्हर्टरला असतात तशा पाण्याच्या दोन दांडग्या बॅटऱ्या घेतल्या. त्या इतक्या जड निघाल्या की गाडी एका अंगाला कलली. त्यांना जागा करताना ओट्याखालचं भांड्यांचं कपाटही गेलं. भांडी कुठे ठेवायची, असं सावित्रीबाईंनी विचारलं. भांड्यांशिवाय घर चालतं, बॅटरीशिवाय नाही, असं उत्तर मिळालं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी महिपतराव बॅटऱ्यांची बुचं उघडून पाण्याची पातळी बघत. हायड्रोमीटरची काचेची नळी बुडवून आतल्या ॲसिडची घनता बघत आणि शेजारी साखर किती आली ते सांगतात तशी ती सावित्रीबाईंना सांगत. ओट्याच्या वर त्यांनी एक छोटा डिस्प्ले बसवला होता. बॅटऱ्या किती टक्के भरल्या आहेत, तो आकडा त्यावर हिरवा दिसे. पाण्याच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू द्यायच्या नसतात, ही गोष्ट खरी होती. पण महिपतराव सावध माणूस. त्यांनी ही हद्द निम्म्यावरून पाऊणवर आणली, पाऊणवरून नव्वदवर आणि शेवटी शंभरवर नेऊन ठेवली.

त्यांना सर्वांत मोठा अभिमान होता तो वायरिंगचा. गाडी चालू असताना इंजिनावर घराच्या बॅटऱ्या चार्ज होत. पण गाडी बंद झाली की इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. "एकाने दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही," ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. "भावाभावांतसुद्धा असंच असावं." दोन्ही बॅटऱ्या जोडणारी जाडी वायर दुकानदार वर फुकट देत होता. ती त्यांनी परत केली. वायरच नसली म्हणजे कोणी चुकून जोडणार नाही.

मेच्या मध्यावर बुरोंडीला भाचीचं लग्न निघालं. महिपतरावांची धाकटी बहीण इंदू, तिची ही एकुलती मुलगी सानिका. इंदूचे यजमान गेले तेव्हा सानिका बालवाडीत होती. तिच्या शाळेच्या दाखल्यापासून स्थळ बघण्यापर्यंत सगळं मामानेच केलं होतं. आता तिला हाताला धरून बोहल्यावर नेऊन उभी केली की मामा मोकळा. हळदीच्या दिवशी शिवलकर दांपत्य गाडी घेऊन निघालं, खाड्या फेरीबोटीतून ओलांडून बुरोंडीला पोचलं. हळद लागली, जेवणं झाली. इंदूने भावासाठी शेजारच्या माडीवर गाद्या घालून ठेवल्या होत्या.

महिपतराव म्हणाले, "स्वतःचं घर घेऊन आलोय. लोकांच्या माडीवर कशाला?"

"दादा, सकाळी उशीर करू नको हां," एवढंच इंदू म्हणाली.

मांडवामुळे तिच्या दारात गाडीला जागा नव्हती. म्हणून महिपतरावांनी ती जवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर नेली आणि खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून तोंड लाटांकडे करून सुरूच्या झाडांपुढे लावली. डिस्प्लेवर आकडा शंभर होता. वारा पडला होता. सावित्रीबाईंनी आत येऊन पंखा लावला. थोड्या वेळाने आकडा नव्याण्णव झाला.

महिपतरावांनी पंखा बंद केला आणि बायकोला समोर बसवून समजावलं. आज नव्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव, असंच माणूस निम्म्यावर येतो. मग त्यांचं लक्ष फ्रीजकडे गेलं. रिकामा फ्रीज चालू कशाला, असं त्यांनी विचारलं. तो रिकामा नाही, सानिकाच्या अबोलीच्या वेण्या आहेत, असं सावित्रीबाई म्हणाल्या. फुलं झाडावर फ्रीजशिवायच असतात, असं म्हणून त्यांनी तोही बंद केला. सावित्रीबाईंनी वेण्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, उशी उचलली आणि पुढे ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या. तिथे बस शाळेची होती तेव्हाचा एक छोटा पंखा होता. किल्ली फिरवली की तो चाले, रेडिओही लागे, मोबाईलही चार्ज होई. त्यांनी तिन्ही चालू केली.

महिपतराव मागे पलंगावर वर्तमानपत्राने वारा घेत पडले. पुढून पंख्याची घरघर आणि रेडिओवरची गाणी ऐकू येत होती. त्यांनी उठून डिस्प्ले बघितला. भार उतरल्यावर आकडा पुन्हा वर चढला होता. शंभर. म्हणजे काही बिघडत नव्हतं. बायकोला गार वाटतंय आणि आकडाही हलत नाही, याचं समाधान घेऊन ते रात्रभर घामात जागे राहिले.

सकाळी दोघांनी आवरलं. महिपतरावांनी पांढरा सदरा, धोतर आणि फेटा घातला, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला. दुसऱ्यांदा तेवढाही आला नाही.

त्यांनी खाली उतरून इंजिनाची बॅटरी उघडली. घराच्या बॅटऱ्या आल्यापासून त्यांनी हिच्याकडे बघितलं नव्हतं. आत पाणी जवळजवळ नव्हतंच, आणि होता नव्हता तो जीव रेडिओने आणि पंख्याने नेला होता.

सावित्रीबाई म्हणाल्या, "मागच्या आहेत की भरलेल्या. त्यातली वीज इकडे घ्या."

"त्यांचं ते काम नाही. इंजिन फिरवायला एकदम दणका लागतो. त्याने आतल्या प्लेटा वाकतात."

"अहो, लग्न आहे आज."

महिपतरावांनी विचार केला. विचाराला वेळ लागला. शेवटी ते म्हणाले की ठीक आहे, एवढ्या वेळेपुरतं घेऊ. मग वायर नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ती कुठे आहे, असं सावित्रीबाईंनी विचारल्यावर "दुकानात," ते समुद्राकडे बघत म्हणाले.

किनाऱ्यावर पुण्याहून आलेली मंडळी फिरत होती. गाडीतला ओटा बघून त्यांनी आधी चहा आणि ऑम्लेट मागितलं. इथे काही मिळत नाही, ढकलायला मात्र या, असं सावित्रीबाईंनी सांगितलं. मंडळी चांगली होती. पण गाडीचं तोंड लाटांकडे, म्हणजे ढकलायची ती मागे. सगळे पुढून रेटू लागले. महिपतरावांनी रिव्हर्स टाकून क्लच सोडला, की चाकं वाळूत घसटत आणि गाडी हिसका देऊन थांबे. बराच वेळ खपल्यावर ती सुरूच्या झाडांखाली घट्ट जमिनीवर आली आणि तिथे कायमची थांबली. एका गृहस्थांनी हाश्शहुश्श करत आत डोकावून डिस्प्ले बघितला आणि म्हणाले, "पण काका, इथे तर शंभर टक्के दाखवतंय."

"ती घराची आहे," महिपतराव म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरून हमीद मुकादमची पिकअप आली. हमीद इंदूच्या पलीकडच्या आळीतला मासळीचा व्यापारी. हर्णैला माहेरी गेलेली बायको मासूमा आणि बर्फ, असं दोन्ही घेऊन तो बुरोंडीला परतत होता. लग्नाचं आमंत्रण त्यालाही होतं. सावित्रीबाईंनी हात केला.

हमीद म्हणाला, "वायर बंदरावर होडीत हाय. ती आणून गाडी चालू करीपर्यंत मुहूर्त जायल. तुमी असेच चला. भाभी पुढे बसतील, दादा, तुमाला मात्र मागे बर्फावर बसाया लागंल."

महिपतरावांनी एकदा गाडीकडे बघितलं. भरलेल्या बॅटऱ्या अशा उघड्यावर टाकून जाणं त्यांच्या जिवावर आलं. पण सानिका बॅटऱ्यांहून जिवाची होती. त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि धोतर सावरून मागे चढले. उन्हासाठी हमीदने वर ताडपत्री ओढली. आत अंधार होता आणि चहूबाजूंनी बर्फ होता. रात्रभर उकडून निघालेल्या महिपतरावांनी एका पेटीला पाठ टेकली, आणि वाटेतल्या कर्दे गावाच्या अलीकडेच त्यांना झोप लागली.

इंदूच्या दारात पिकअप थांबली. वाजंत्री जोरात होती. सावित्रीबाई वेण्या घेऊन धावत आत गेल्या, त्यांच्यामागे मासूमा. दादाही उतरले असणार असं समजून हमीद बर्फ वितळायच्या आत बंदराकडे गेला.

आत भटजींनी मुलीच्या मामांना बोलावलं.

"मागे आहेत," सावित्रीबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मागे बघितलं. मागे वरपक्षाची माणसं होती. अंगणात बघून झालं, माडीवर बघून झालं. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. मुहूर्त थांबत नाही, असं भटजींनी एकदा हलक्या आवाजात सांगितलं आणि एकदा मोठ्या. सानिका पाटावरून उठून उभी राहिली होती आणि दाराकडे बघत होती. मग सावित्रीबाईंनी पदर खोचला, मामी चालत नसेल तर आत्ताच सांगा, असं भटजींना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर नेलं.

बंदरावर खलाशाने ताडपत्री काढली आणि पुन्हा घातली.

"हमीदभाय, बर्फात माणूस हाय," तो म्हणाला.

महिपतरावांना हलवून उठवावं लागलं. हमीदने बर्फ तसाच ठेवून गाडी वळवली. ते मांडवात शिरले तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. धोतर पाठीमागून ओलं होतं आणि दात वाजत होते. ते लोकांतून वाट काढत भाचीच्या मागे, बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सानिकाच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली.

"मामा," मान न वळवता ती म्हणाली, "किती गार हात तुझा."

तेवढ्यात अक्षता पडल्या.

जेवणं झाल्यावर मामाचा मान म्हणून त्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. दुपार कलल्यावर हमीद होडीतली वायर घेऊन दोघांना मुरुडला सोडायला आला. घराच्या बॅटरीवरून वायर पुढे घेतली, महिपतरावांनी डोळे मिटून किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं. सगळे डिस्प्लेकडे बघू लागले. आकडा शंभर होता. एकाने सुद्धा कमी झाला नव्हता.

सावित्रीबाईंनी मानाचा टॉवेल घेतला आणि डिस्प्लेवर टांगला. पंखा लावला, फ्रीज लावला, पलंगावर आडव्या झाल्या. महिपतरावांनी हमीदला नमस्कार केला आणि गाडी काढली.

दाभोळला फेरीची रांग होती. इंजिन बंद करून महिपतराव मागे आले. सावित्रीबाईंना पंख्याखाली गाढ झोप लागली होती. महिपतरावांनी टॉवेलचं टोक हळूच उचललं. सत्त्याण्णव. बघताबघता शहाण्णव. त्यांनी टॉवेल सोडला, सगळीकडून सारखा केला, दुसरा पंखाही लावला आणि बायकोच्या शेजारी अंग टाकलं.

फेरी आली. रांग पुढे सरकली. मागच्या गाड्यांनी बराच वेळ हॉर्न वाजवले, एक जण येऊन दार ठोठावूनही गेला. शिवलकरांच्या गाडीतून पंख्यांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. शेवटी लोक बाजूने गाड्या काढून फेरीवर गेले.