कुलपाला विचारलंस का?

लग्नात वधूपिता पंगतीतून फिरत "जेवण कसं झालंय?" विचारतो. सगळे "उत्तम" म्हणतात. आमचे हिरेमठ सर पानावरून मान वर करून म्हणतात, "बसलेल्यांना काय विचारता? न जेवता गेले त्यांना गाठा की." मग तो बिचारा उरलेलं लग्न फाटकाकडे बघत काढतो.

सर मूळचे मैंदर्गीचे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, भवानी पेठेत आमच्या गल्लीत एकटेच राहतात. सकाळी फिरायला येणारे म्हातारे "चालणारा माणूस आजारी पडत नाही" म्हणाले, की सर म्हणणार, "आजारी पडलेला चालायला येतच न्हाय." बाजारात शेंगा घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात. दुकानदार कुरकुरला, तेव्हा म्हणाले, "वरच्या शेंगा खोटं बोलत न्हाईत. पण त्या फक्त वरच्यांचं सांगतात." मी चळवळीची पत्रकं लिहितो. हे वाक्य मी ताबडतोब चोरलं.

मध्यंतरी पेठेतलं वाचनालय दुपारी बंद ठेवायचं घाटत होतं. विश्वस्तांनी म्हणे वाचकांना विचारलं होतं आणि दुपार कुणालाच नको होती.

"विचारलं कधी?" सरांनी चौकशी केली.

संध्याकाळी.

"संध्याकाळी येणाऱ्याला दुपारचं विचारलं? म्हणजे शाकाहाऱ्याला मटण कसं झालंय विचारल्यागत झालं."

माझं रक्त तापलं. आपणच नवी पाहणी करायची, असं मी जाहीर केलं आणि प्रश्नही तयार करून नेला: 'जनतेचा वाचनाचा हक्क चिरडणाऱ्या विश्वस्तांना आपला विरोध आहे ना?'

सरांनी तो वाचून चष्मा पुसला. "ह्याला न्हाय म्हणणारा माणूस दाखव."

"तेच तर हवंय, सर."

"मग दारोदार कशाला फिरतोस? घरी बसून तूच लिहून टाक की."

शेवटी प्रश्न उरला एवढाच: दुपारी वाचनालय उघडं हवं का? ओळखीची घरं निवडायची नाहीत, प्रत्येक पाचवं दार घ्यायचं. दमून मी "ही गल्ली झाली" म्हटलं, की सरांचं ठरलेलं: "कुलपाला विचारलंस का? कामावर गेलेल्यालाबी मत असतं." म्हणजे बंद घरी संध्याकाळी पुन्हा जायचं. क्रांतीला इतके हेलपाटे पडतात, हे कुठल्याच पत्रकात वाचलेलं नव्हतं.

पुढे विश्वस्तांनी आमचं ऐकलं आणि वाचनालयाची दुपार वाचली. पण माझ्या लक्षात राहिलंय ते आमच्या गल्लीतलं शेवटचं पाचवं दार. ते सरांचंच निघालं.

"हे सोड, पुढचं घे," सर म्हणाले. "माझा कल हाय. मी रोज दुपारी तितंच असतो."

"दार बदलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय की."

सरांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप काढून आत गेले आणि दार लावून घेतलं. मला काही कळेना. मग आतून आवाज आला, "वाजव की."

मी कडी वाजवली. सरांनी दार उघडलं, ओळख न दाखवता. मी प्रश्न विचारला.

"व्हय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दुपारी घर लई मोठं वाटतं."

मी लिहायला लागलो तसा त्यांनी माझा हात धरला. "दुसरं वाक्य लिहू नको. तू ते विचारलं न्हवतंस."

मी कागदाची घडी घातली. "सर, चहा पाजणार ना?"

"ह्या प्रश्नातच उत्तर कोंबलंयस तू," सर म्हणाले, आणि आत जाऊन दुसरा कप शोधायला लागले.