कासवाच्या पुढे जाऊ नये

जिन्यात पैज लागली ती अशी: विद्यापीठाच्या शर्यतीत भाची पहिली आली तर टेलरमास्तरने मिशी उतरवायची, नाही आली तर मामांनी कासव होऊन भर मैदानात एक फेरी मारायची.

मामा म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयातले हेडक्लार्क. भाची त्यांच्याकडेच वाढलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पहिली आली तर देशपातळीवर धावणार, नाही तर बूट कायमचे माळ्यावर.

आणि कासव म्हणजे विद्यापीठाचं नवं क्रीडाचिन्ह. वाघ हिंसक, हरीण पळपुटं, घोडा शेजारच्या विद्यापीठाने आधीच बांधलेला. समितीच्या अकराव्या बैठकीत कुणीतरी ‘कासव’ म्हणालं, तेव्हा सगळ्यांना जेवायला जायचं होतं. एकमताने मंजूर. पोशाख शिवला टेलरमास्तरने.

"पोरगी वारा आहे वारा! मिशीला शेवटचं तेल लावून घ्या, मास्तर."

"वाऱ्याचं सोडा हो मामा, तुमचं हापिस पाहिलंय मी. कासवाच्या शेपटीला चार सह्या लागल्या."

पुढे चिन्हाचा मान राखण्याबाबत परिपत्रक काढायचं ठरलं. मामांचा तीस वर्षांचा नेम होता: नवं परिपत्रक लिहायचं नाही, जुन्यातलं नाव बदलायचं. त्यांनी फायलीतून संचलनातल्या ध्वजाचं जुनं परिपत्रक काढलं, ‘ध्वज’ खोडून ‘कासव’ घातलं. कलम तीन झालं: ‘मैदानावर कोणीही कासवाच्या पुढे जाऊ नये. गेल्यास बाद.’ कुलगुरूंनी न वाचता सही ठोकली. वाचून सही करण्याची तिथे पद्धत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी कासव प्रेक्षकांना हात हलवत ट्रॅकवर उतरलं. आत कुलसचिवांचे मेव्हणे होते. तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचांनी लगेच कलम तीन वाचून दाखवलं. आठ मुली मुकाट कासवामागे चालायला लागल्या. दुसऱ्या वळणावर मेव्हण्यांना धाप लागली, ते खाली बसले. आठही जणी त्यांच्यामागे जागच्या जागी पळत राहिल्या.

कासव पहिलं आलं. देशपातळीसाठी त्याचीच निवड झाली. भाचीला दुसरा क्रमांक आणि शिस्तीबद्दल प्रशस्तिपत्र.

"मामा, हे कलम लिहिलं तरी कुठल्या शहाण्याने?"

मामांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "मी," ते म्हणाले.

भाचीने पायातले बूट काढून पिशवीत कोंबले.

पण पैज ती पैज. टेलरमास्तरने सगळ्यांदेखत मामांना कासवाच्या पोशाखात घातलं आणि पाठीवरची चेन ओढली. "कमरेत आवळतंय का, मामा?"

"घशात."

मामा रांगायला लागले. घरी निघालेले लोक थबकले. कासव ट्रॅकवर म्हणजे कलम तीन लागू! पंच, कुलगुरू, प्रेक्षक, सगळे निमूट मागे रांगेत. कासवाच्या तोंडाच्या भोकातून मामांना फक्त माती दिसत होती. मग त्या मातीवरून दोन टाचा सपकन पुढे गेल्या. ओळखीच्या.

"ए पोरी, मागे हो! काही मान आहे की नाही?" सगळं मैदान ओरडलं. टाचा थांबल्या नाहीत.

कासव गुडघ्यांवर उठलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. पंजे कापसाचे, त्यामुळे आवाज जेमतेम. तुम्हाला तर ऐकूच आला नसेल. तुम्हीही सगळ्यांबरोबर ओरडत होतात ना.